हिरव्या चिंधीची डबी

माझ्या तोंडात माझ्या मनगटाची कातडी आहे. गाठ काढली तेव्हा जिभेचा मागचा बराच भाग गेला, आणि तिथं ठिगळ म्हणून डाव्या मनगटाची कातडी लावली. दुपारी पडल्या पडल्या मी जीभ टाळूला लावते आणि लग्नात त्याच मनगटावर चुडा भरला होता ते आठवतं. मग जरा वेळ कळेनासं होतं की आपण जागे आहोत की झोपेत. हे असं तरंगल्यासारखं वाटणं औषधांनी आलं, आणि औषधं थांबली तरी पुरतं गेलं नाही. आता मला त्याची सवय झालीय, खरं सांगायचं तर थोडं आवडतंही.

ज्यांना नुकतंच कळलंय, जे कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट हातात धरून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरकीचं मला विचारू नका. मी फक्त माझं सांगते.

मी निपाणीची. आशा कार्यकर्ती म्हणून कितीतरी वर्षं गल्लोगल्ली फिरले. तोंडानं फटकळ, हे आधीच सांगून टाकते. मी गल्लीत शिरले की बायका एकमेकींना खुणावायच्या आणि डब्या पदराखाली जायच्या.

डब्या कसल्या, तर मशेरीच्या. आमच्याकडं घरोघरी बायका विड्या वळतात. सुपात तंबाखू, पदराला तंबाखू, झोपलेल्या लेकराच्या केसांनाही तोच वास. त्यातली चिमूट तव्यावर काळी भाजायची, कुटायची आणि सकाळी दाताला लावून घासत बसायचं. म्हाताऱ्या उघड लावतात, सुना चोरून. माझ्या सासूबाई त्यानंच गेल्या, गालाला भोक पडून. त्यांचं दिवसकार्य झालं त्या दिवशी माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आईच्या फोटोवर घरातल्या सगळ्यांचे हात ठेवून घेतले. या घरात पुन्हा कुणाच्या तोंडात तंबाखू जायची नाही. सगळ्यात खाली आप्पांचा हात, मग आमच्या ह्यांचा, मग माझी जाऊ आक्का, वर माझा. चार हातांच्या खाली सासूबाईंचं हसरं तोंड झाकून गेलं होतं.

तेव्हापासून मी हात धुऊन मशेरीच्या मागं लागले. पण डबी फेक म्हटलं की कुणी फेकत नव्हतं. कुणाला आईनं दिलेली, कुणी जत्रेत हौसेनं घेतलेली. मग मी म्हटलं, माझ्याकडं ठेवा. आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी डबीला बांधायची आणि माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकायची. परत मागितली तर मी देणार नाही, आणि कुणाची कुठली ते कुणाला सांगणार नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. अशा चौतीस जमल्या. त्यातली हिरव्या चिंधीची डबी आमच्याच घरातली होती. शपथेनंतरही आक्काला सुटली नव्हती. एका दुपारी तिनं ती माझ्या हातात ठेवली आणि रडली. आप्पांना कळलं तर ते तिचं तोंड बघायचे नाहीत, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. आपण असं सहज बोलून जातो.

आरसा

जिभेच्या मागं, अगदी खोल, काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. जोंधळ्याचा दाणा असावा तसं. दुखत नव्हतं. गिळताना कळायचं आणि पुढच्या कामात विसरायचं. पुढं पुढं उजव्या कानात ठणका यायला लागला, तर मी कानात तेल घातलं.

लोकांच्या बायकांना मी आरशापुढं उभं करून, तोंडात बॅटरी मारून, पांढरा डाग, लाल डाग दाखवत होते. स्वतःच्या तोंडात एकदाही बघितलं नाही. नऊ महिने. मनात एकच, मी कुठं मशेरी लावते? ज्यानं तंबाखूला हात लावला नाही त्याच्या तोंडाला काही होत नाही, हे आम्हा निपाणीकरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मी शिकलेली, शिकवणारी, तीच त्यात फसले. माझ्या या चुकीचा मला आजही राग येतो. बाबांनो, दाणा लागला तर दाखवा. आपण काय खातो, काय खात नाही याचा हिशेब दाणा करत नाही.

खूण

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला आणि आठ दिवसांनी बोलावलं. हे डेपोत मेकॅनिक. रजा काढून बरोबर आले होते.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर जीभ काढून दाखवली. तोंडात जिकडंतिकडं लाळेच्या बारीक ग्रंथी असतात, जिभेतही असतात, त्यातल्या एकीत ही गाठ झालीय. कॅन्सरच आहे, पण नेहमीचा नाही, क्वचित होणारा. सावकाश वाढतो, पण चिवट असतो, बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागतं. मी ऐकत होते आणि त्यांच्या मागच्या खिडकीत पडदा हलत होता. पडद्याचा निळा रंग मला आजही जसाच्या तसा दिसतो, शब्द मात्र सगळे विरघळून गेले. एवढंच कळलं की बाई कॅन्सर म्हणाल्या आणि माझ्या पायात चप्पल एकच आहे, दुसरी टेबलाखाली सरकलीय.

खालच्या खिडकीवर फाईल करायला गेलो. तिथल्या बाईंनी कन्नडमध्ये भराभर विचारलं, नाव, गाव, वय, आजार कुठं. निपाणी आणि जीभ हे दोन शब्द ऐकले आणि मी पुढचं बोलायच्या आत त्यांनी तंबाखूच्या रकान्यापुढं बरोबरची खूण केली. मी म्हटलं, मी खात नाही. त्यांनी मान हलवली, सगळेच असं म्हणतात अशी, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ती खूण ह्यांनी बघितली. वर जाऊन डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं, त्याही म्हणाल्या की या गाठीचा तंबाखूशी संबंध लावता येत नाही. पण आजारी बाईला बरं वाटावं म्हणून डॉक्टर असं बोलतातच, असं ह्यांना वाटलं असणार. परतताना बसमध्ये मी खिडकीशी बसले. संकेश्वरला कारखान्याच्या मळीचा तो गोड आंबूस वास आत आला. एरवी मी नाकाला पदर लावते. त्या दिवशी भरून घेतला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग संपता संपेना, आणि मला वाटत राहिलं की बस उभी आहे आणि ऊसच आमच्या बाजूनं गावाकडं चाललाय.

पाटी

ऑपरेशननंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. गळ्याला भोक, त्यातून श्वास. नाकातून नळी, त्यातून जेवण. हात बांधलेला, मांडीवर पट्टी, कारण मनगट झाकायला तिथली कातडी घेतली होती. छतावरचा पंखा फिरायचा आणि त्याच्या पात्यांवर चिंध्या बांधलेल्या दिसायच्या, लाल, पिवळी, जांभळी, नऊवारीच्या काठाची. सासूबाई पायथ्याशी बसून मोजायच्या. चौतीसला थांबायच्या आणि माझ्याकडं बघून हसायच्या. भीती वाटत नव्हती. हलकं वाटायचं, विहिरीत पाठीवर पडून तरंगल्यासारखं.

भीती जाग आल्यावर वाटायची. कफ साठला की जीव घाबरा व्हायचा, आणि ओरडायला आवाज नाही. ज्या बाईचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा तिला घंटीचं बटण हातात धरून बसावं लागत होतं. सांगून ठेवते, त्या वेळी पाटी हवीच. आक्कानं मला शाळेतली पाटी-पेन्सिल आणून दिली होती. आक्का माझ्यापाशी राहिली, नळीतून दूध-सूप घालायला शिकली, केस विंचरले, घाण काढली. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं. हे पुढचं वाचताना विसरू नका.

सहाव्या की सातव्या दिवशी हे घरी जाऊन आले. दवाखान्यात रेशनकार्ड मागितलं होतं, ते माझ्या ट्रंकेत असेल म्हणून त्यांनी ट्रंक उघडली. दुपारची वेळ होती. आले, खुर्ची ओढून बसले आणि खिशातून एक डबी काढून चादरीवर ठेवली. लाल चिंधीची. कुणाची ते मला बघताक्षणी कळलं.

"अशा चौतीस हायत," हे म्हणाले. "आईच्या फोटोवर हात ठिवलास न्हवं?"

मी पाटीवर लिहिलं, माझ्या नाहीत.

"मग कुणाच्या?"

आक्का खिडकीपाशी थर्मास घेऊन उभी होती. तिची पाठ आमच्याकडं. तिच्या हातातलं टोपण मळसूत्रावर बसेना, नुसतं फिरत होतं. मी पेन्सिल टेकवली. नुसतं बायकांच्या लिहून ह्यांना पटणार नव्हतं, नाव हवं होतं. एक नाव लिहिलं असतं तर मी सुटले असते. लाल चिंधीवालीचा नवरा मारकुटा आहे. हिरव्या चिंधीवाली समोर उभी आहे. मला राग आला, फार आला, की हिनं वळावं आणि तोंड उघडावं. ती वळली नाही. मी पाटी पुसली.

ह्यांनी डबी उचलून खिशात टाकली आणि बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी काही कमी केलं नाही. औषधं वेळेवर, डॉक्टरांना भेटणं वेळेवर. फक्त माझ्याकडं बघायचे नाहीत. आजारपणात मला सगळ्यात जड काय गेलं असं कुणी विचारलं तर मी गळ्यातलं भोक नाही सांगणार, हे सांगेन.

विमानं

पुढं सहा आठवडे लाईट दिली, म्हणजे रेडिएशन. शनिवार-रविवार सोडून रोज. तेवढ्यासाठी बेळगावच्या विमानतळाशेजारी, सांबऱ्याला भावाकडं राहिले. गळ्याचं भोक बुजलं होतं, आवाज आला होता, पण शब्द नव्हते. क म्हणायला गेलं की ह यायचा, ग तर यायचाच नाही.

चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे आणि टेबलाला अडकवायचे. सगळे बाहेर जायचे, जाड दार लागायचं. पहिल्या दिवशी जीव मुठीत धरला. दुसऱ्या दिवसापासून मी डोळे मिटून निपाणीच्या गल्लीत फिरायला लागले. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, मग वखारीची भिंत, मग विड्या वळत बसलेल्या बायका. प्रत्येक दारात थांबून आत बघायचे. शेवटच्या दारापर्यंत पोचायच्या आत मशीन थांबायचं. तीस दिवसांत मी ती गल्ली कधी पुरी केली नाही.

तोंड आतून सोलून निघालं. थुंकी आटली. साधं पाणी काचेसारखं टोचायचं. वहिनी तांदळाची पेज गाळून, गार करून द्यायची आणि मी एक वाटी संपवेपर्यंत समोर बसून भावाच्या तक्रारी सांगायची, म्हणजे मला हसू यावं. संध्याकाळी ओट्यावर बसले की शिवारावरून विमान खाली यायचं, इतकं खाली की खिडक्या दिसायच्या. मला वाटायचं त्यातल्या कुणाला तरी मी दिसत असेन, एक बाई ओट्यावर, हातात वाटी. एका संध्याकाळी पेजेत मीठ लागलं. खरंच लागलं. मी वहिनीला बोटानं वाटी दाखवली आणि दोघी रडलो.

निपाणीच्या बातम्या मात्र आंबट होत्या. अर्ध्या बायका म्हणत होत्या, बघा, आम्हाला सोडायला लावून हीच चोरून लावत होती, घरात चौतीस डब्या सापडल्या. ज्यांच्या त्या डब्या, त्या घरच्यांच्या भीतीनं तोंड उघडत नव्हत्या. बाकीच्या म्हणत होत्या, हिनं खरंच लावली नाही तरी हिला झालंच, मग आपण तरी कशाला सोडायची? दोन्ही बाजूंनी मीच खोटी. घरोघरी नव्या डब्या आल्या, मशेरी पुन्हा चालू झाली. इतकी वर्षं मी चपला झिजवल्या होत्या त्या कशासाठी, असं वाटून मी वहिनीच्या घरात दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होते.

अंगण

घरी परत आले तेव्हा हरभरा निघाला होता. आठवडाभरानं रविवारी सकाळी ह्यांनी ट्रंक अंगणात आणली. भंगारवाल्याला देऊन टाकतो म्हणाले, मला नाही, आप्पांना. आप्पा खाटेवर पेपर वाचत होते, त्यांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी मी शपथ मोडलेली बाई होते. माझ्या हातचा चहासुद्धा ते घेत नव्हते.

ह्यांनी ट्रंक उपडी केली. फरशीवर डब्या घरंगळल्या. पितळी, स्टीलच्या, प्लास्टिकच्या, आणि उन्हात त्या सगळ्या चिंध्या, अगदी पंख्याच्या पात्यांवर दिसायच्या तशा. मला क्षणभर खरंच कळेना की हे आत्ता घडतंय की तेव्हाचंच आहे. मी दाराच्या चौकटीला हात लावून बघितला.

आक्का स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ तसंच. खाली बसली, डब्या बाजूला सारत सारत एक उचलली. हिरव्या चिंधीची. आप्पांच्या खाटेपाशी गेली.

"ही माझी हाय," ती म्हणाली. "शोभानं कधी लावली न्हाय. ह्या सगळ्या तिनं सोडवल्याल्या बायकांच्या हायत. माझं नाव सांगायचं न्हाय म्हणून ती दवाखान्यात गप बसली, आन् मी बी गप बसले."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. आक्का थांबली नाही. मी आजारी पडल्यावर भीतीनं तिनं पुन्हा पुडी आणली होती, तीन महिने लावत होती, तेही तिनं सांगितलं. हळू आवाजात, एखादी वस्तू जिथल्या तिथं ठेवावी तसं. आप्पा उठून आत गेले, आईच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आक्काशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "च्या कर गं." मी केला. त्यांनी घेतला आणि अर्धा कप आक्कापुढं सरकवला.

आणि हे. हे त्या सकाळी अंगणात डब्या परत ट्रंकेत भरत बसले, एकेक पुसून. मग पाटी शोधली. लोक अजून माझ्याशी मोठ्यानं बोलतात नाहीतर लिहून दाखवतात. मला ऐकू येतं, बोलता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही. ह्यांनी पाटीवर लिहिलं, चुकलो. अक्षर पहिल्यापासून गचाळ आहे. मी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, लई.

मग आक्काला उन्हात बसवलं आणि आ कर म्हटलं. माझा आ तेवढा चांगला येतो. बॅटरी मारली. डाव्या गालात आत, पांढरा डाग होता. बोटाच्या पेराएवढा.

खिडकी

त्या डागाचं काय झालं हे सगळे विचारतात, म्हणून आधीच सांगते. तपासलं, कॅन्सर निघाला नाही, पण तिकडं वळायला निघाला होता. वेळेत दिसला. मशेरी बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. मलाही जायचं असतं, म्हणून आम्ही दोघी एकाच बसनं जातो. लाल चिंधीवाली आणि आणखी चौघी पुन्हा माझ्याकडं यायला लागल्यात. बाकीच्या येतील न येतील, मी दारात उभी राहणं सोडलेलं नाही. माझं बोलणं कळायला वेळ लागतो, त्यामुळं आता त्या नीट ऐकतात, ही एक गंमतच म्हणायची. माझी गाठ वर्षांनी परत येऊ शकते, हे मला माहीत आहे. रोज आठवत नाही. आठवलं तर मी सांबऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसते, मनातल्या मनात.

पण मला सांगायचंय ते पहिल्या दिवसाचं. आक्काला घेऊन मी बेळगावला गेले, त्याच खिडकीवर, बाई त्याच. नाव, गाव, वय. आजार कुठं. निपाणी ऐकून त्यांचं पेन तंबाखूच्या रकान्याकडं निघालं.

"मारा खूण," आक्का कन्नडमध्ये म्हणाली. "अकरा वर्षं लावली. हिनं सोडवली. परत धरली. आता परत सोडली. सगळं लिहा."

बाईंनी वर बघितलं. आक्का तिथून हलेना. मागं रांग वाढत होती. तिनं माझ्या पिशवीतून माझं कार्ड काढून खिडकीतून आत सरकवला.

"आन् हिची फाईल काढा. त्यात तुमी खूण केलीया, ती खोडा. हिनं उभ्या जन्मात लावली न्हाय."

बाई म्हणाल्या, जुन्या फाईलीत आता काय फरक पडतो? आक्का म्हणाली, पडतो. मी तिचा पदर ओढला, राहू दे म्हणून. तिनं माझा हात झटकला आणि खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं ठेवून उभी राहिली. शेवटी बाई उठल्या, कपाटातून माझी फाईल आणली, पहिलं पान उघडलं, त्या खुणेवर आडवी रेघ मारली, बाजूला नाही असं लिहिलं आणि खाली सही केली. आक्कानं मान वाकडी करून ते नीट वाचलं. मग आम्ही दोघी बाकावर जाऊन बसलो, आमचा नंबर यायला अजून वेळ होता.